पाव किलोसाठी किती मोजायचं? डोंगरातल्या शिकारी रायफलीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी पायी डोंगर चढून करायच्या शिकारीच्या रायफलींवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग झाला. निम्म्याहून जास्त पत्रं भुसावळ-जळगाव-धुळ्याच्या आईबापांची, ज्यांची पोरं अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत. उरलेली इथल्याच शेतकऱ्यांची. दोघांना एकच उत्तर देता येत नाही. तिकडे परवाना काढून शिकार करता येते, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. कोणतं उत्तर कुठल्या देशासाठी आहे ते बघूनच वाचा.

"मना पोऱ्या तठे शिकारले जास. डेन्व्हरला असतो. यंदा एल्क (तिकडचं मोठं हरीण) मारायला कोलोरॅडोच्या डोंगरात जाणार म्हणतो. त्याने सव्वादोन किलोची रायफल बघून ठेवली आहे, भारी महाग. मी वरणगाव फॅक्टरीत जन्म काढला, काडतूस कळतं, पण एवढी हलकी बंदूक नीट लागेल का?" (भुसावळ)

काका, लागेल. ती बंदूक शिकंजात धरून मारली तर छान लागेल. प्रश्न तुमच्या पोराच्या हातात ती कशी लागेल हा आहे.

सव्वादोन किलो म्हणजे बहुतेक किंबर माउंटन असेंट किंवा तिच्या जातीची एखादी. त्यावर दुर्बीण चढवा, चारशे ग्रॅम. माउंट (दुर्बीण बसवायच्या कड्या), पट्टा आणि चार काडतुसं मिळून आणखी साडेतीनशे. म्हणजे खांद्यावर तीन किलो. टिक्का टी-थ्री-एक्स लाइट ही साधी फिनलंडची रायफल मुळात २.९ किलोची, सगळं लावून साडेतीनच्या थोडी पुढे जाते. फरक सहा-सातशे ग्रॅमचा, आणि किमतीतला फरक दुपटीच्या वर. तीन हजार मीटर उंचीवर सातशे ग्रॅम कळतात, नाही असं नाही. आपलं तोरणमाळ अकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे सीताखाईपर्यंत चालून दम लागणाऱ्याला तिकडच्या उंचीचा अंदाज येईल. पण पाणी लिटरभर जास्त घेतलं की हा सगळा फायदा गेला.

आता हलक्या रायफलीचा खरा त्रास सांगतो. रिकामी बैलगाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त उधळते, तसं हिचं आहे. श्वास, नाडी, दमलेल्या हाताची थरथर हे सगळं नळीच्या टोकाला पोचतं, कारण ते दाबून धरायला वजनच नाही. चाप ओढायला जड असेल तर बंदूकच हलते. सव्वादोन किलोच्या बंदुकीला दोन किलोचा चाप म्हणजे बोटाने सगळी बंदूक ओढल्यासारखं. म्हणून पोराला सांगा, कोणतीही घे, आधी ट्रिगर बघ. किलो-सव्वा किलोच्या ओढीवर स्वच्छ सुटणारा, मध्ये न घासणारा. टिक्काचा ट्रिगर साधारण एक ते दोन किलोच्या मध्ये लावून घेता येतो, आणि माझं मत तिच्या बाजूला झुकतं ते मुख्यतः यामुळे.

दुसरं म्हणजे नळी. वजन सर्वात जास्त वाचतं ते नळीत, म्हणून डोंगरी रायफलीला पेन्सिलसारखी बारीक नळी देतात. ती दोन-तीन गोळ्यांत तापते आणि मग गोळ्या सरकायला लागतात. त्यात घाबरायचं काही नाही. शिकारीत महत्त्वाची पहिली गोळी, थंड नळीतून सुटलेली. फार तर दुसरी. रेंजवर पोराने एक गोळी मारावी, दहा मिनिटं थांबावं, मग पुढची मारावी, आणि हे वेगवेगळ्या दिवशी करून सगळ्या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर जमा कराव्यात. बंदुकीची लायकी त्या कागदावर दिसेल. कार्बन फायबर गुंडाळलेली नळी हवी का, असंही त्याने विचारलंय म्हणता. ती जाड दिसून हलकी असते, कडकही असते, पण पेन्सिल नळीपेक्षा हलकी असतेच असं नाही. बर्फपाण्यात दस्ता मात्र फायबरचा किंवा प्लॅस्टिकचा घ्यावा. लाकूड ओल धरतं, फुगून नळीला टेकतं आणि झीरो, म्हणजे दुर्बिणीत बसवून घेतलेला नेम, हलतो.

एक गोष्ट पत्रात नव्हती, पण विचारली पाहिजे. पोराचा व्हिसा कोणता? एच-वन-बी असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्याला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. कुठल्याही राज्याचा चालू शिकारी परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी परवाना, मग दुकान. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. रायफल किमान .२४ कॅलिबरची (नळीच्या भोकाचं माप, इंचात), एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि अंगावर कमरेच्या वर पाचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा, डोक्यावर त्याच रंगाची टोपी. आणि मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांसच ऐंशी-नव्वद किलो भरतं. ते पाठीवरून खाली आणायचंय. मग पोराला रायफलीचे सातशे ग्रॅम कुठले आठवतात!

"मी मूळची धुळ्याची, आता मॉन्टानात. अंगाने किरकोळ आहे. नवरा म्हणतो .३०० विंचेस्टर मॅग्नम या दणकट काडतुसाचीच घे, एल्क मोठा असतो. मला हलकी रायफल हवी आहे. काय करू?"

ताई, नवऱ्याचं ऐकू नका. निदान या बाबतीत.

धक्क्याचा हिशोब सोपा आहे. काडतूस तेच ठेवून चार किलोच्या बंदुकीऐवजी तीन किलोची घेतली, तर धक्क्याची ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने वाढते. त्यात .३०० मॅग्नमचा धक्का ६.५ क्रीडमूर या मऊ काडतुसाच्या जवळपास दुप्पट. हलकी बंदूक आणि मॅग्नम एकत्र आले की माणूस चार गोळ्यांत डोळे मिटायला शिकतो, आणि एकदा शिकलं की ते सुटता सुटत नाही. डोळे मिटून मारलेली मॅग्नम एल्कच्या पोटात लागते. उघड्या डोळ्यांनी मारलेली मध्यम गोळी छातीत लागते.

तुमच्यासाठी ७ एमएम-०८ रेमिंग्टन हे काडतूस. १९८० पासून बाजारात आहे, .३०८ विंचेस्टर काडतुसाच्याच पितळी कोठीवर बेतलेलं, धक्का त्याच्यापेक्षा मऊ. ६.५ क्रीडमूरही चालेल, काडतुसं जास्त ठिकाणी मिळतात, पण एल्कवर मी तिचं अंतर आखडतं धरीन, तीनशे मीटरच्या आत. गोळी चांगली, घट्ट बांधणीची घ्या. तिथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. दस्त्याची लांबी मात्र तपासा. दुकानातल्या बंदुका सहा फुटी पुरुषाच्या हाताला बेतलेल्या असतात. दस्ता लांब पडला की गाल जागेवर बसत नाही, दुर्बिणीत काळी कडा दिसते, आणि खांद्याऐवजी दंडावर धक्का बसतो. अर्धा-पाऊण इंच आखूड दस्ता मिळतो, तो मागा.

नवरा मझल ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचा भोकांचा तुकडा) लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. धक्का कमी होतो हे खरं, पण आवाज बाजूला फेकला जातो, आणि शिकारीच्या घाईत कानात बोळे घालायला कोणाला सुचतं?

"मी अमळनेरला दहा मीटर एअर रायफल मारतो. एका कंपनीची जाहिरात वाचली : तीन गोळ्यांत अर्ध्या एमओएची हमी. इतक्या हलक्या बंदुकीत हे खरं असतं का? मग आमच्या रायफली एवढ्या जड का?"

तुझ्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. दहा मीटरला नियमाने ५.५ किलोपर्यंत वजन चालतं आणि बहुतेक मोठे नेमबाज त्या मर्यादेला खेटूनच बंदूक बांधतात, कारण वजन म्हणजे स्थिरता. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसळेने कांस्यपदक घेतलं त्या पन्नास मीटरच्या रायफली तर याहून जड असतात. नेमबाजाला बंदूक डोंगरावर न्यायची नसते.

आता हमी. एमओए हे कागदावर गोळ्या किती पसरतात ते मोजायचं कोनाचं माप. एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. अर्धा म्हणजे दीड सेंटिमीटर. तीन गोळ्या दीड सेंटिमीटरमध्ये बसणं यात खोटं काही नाही, पण तीनचा ग्रुप (एका कागदावरच्या गोळ्यांचा पसारा) फसवा असतो. तीच बंदूक, तोच माणूस, पाच गोळ्या मारल्या तर ग्रुप सरासरी सव्वापट मोठा येतो. दहा मारल्या तर दीडपटीच्या वर. बंदूक बिघडली म्हणून नाही, जितक्या जास्त गोळ्या तितकी बाहेर जाणारी एखादी सापडणारच. कंपनीने तीनच का निवडल्या, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. त्यात तीन-तीनचे कितीतरी ग्रुप मारून सगळ्यात देखणा कागद खिशात ठेवायची सवय दुकानदारालाही असते आणि शिकाऱ्यालाही.

शिकारीला एवढं लागतही नाही. हरणाच्या छातीत जिथे गोळी लागायला हवी ती जागा वीस-बावीस सेंटिमीटरची. दीड एमओएची बंदूक तीनशे मीटरवर तेरा सेंटिमीटरमध्ये मारते. बंदूक पुरते. कमी पडतो तो दगडावर सॅक टेकवून, धापा टाकत मारणारा माणूस. तू उभ्याने सराव करतोस, तुझं त्यांच्यापेक्षा बरं चालेल.

"आमची केळी आहे, यावल तालुक्यात. रानडुकरं घड खाली पाडतात, रात्रीत वीस-पंचवीस झाडं जातात. चांगली हलकी रायफल घेऊन बंदोबस्त करता येईल का? परवाना कसा काढायचा?"

दादा, तुमचं नुकसान डोळ्यांनी पाहिलेला माणूस बोलतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. रायफल हा तुमच्या प्रश्नाचा मार्ग नाही.

पहिलं कायद्याचं. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती कागदावर हातात नसेल तर मारलेलं डुक्कर हा गुन्हाच. आणि ही परवानगी म्हणजे शस्त्र परवाना नव्हे. तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा. त्या कायद्याने पीक राखण्यासाठी सांगितलेली बंदूक आहे ती ठासणीची. रायफल नव्हे. रायफलीसाठी वेगळं सबळ कारण पटवावं लागतं.

दुसरं, कायद्याहून मोठं. रायफलीची गोळी चुकली तर तीन किलोमीटरच्या वर जाते. केळीच्या बागेत पलीकडचं काय दिसतं तुम्हाला? रात्री पाणी द्यायला आलेला मजूर दिसतो का? रायफल मारायची ती मागे मातीचा उतार असेल तिथे. तापीच्या काठची सपाट जमीन त्यातली नाही. नुकसान दिसलं की त्याच दिवशी पंचनाम्यासाठी वनविभागाकडे अर्ज टाका, फोटोसकट. भरपाई कमी वाटते, उशिरा येते, हे मला माहीत आहे. तारेच्या कुंपणाला थेट लाईनचा करंट सोडण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्यात माणसंही मरतात. मशीनवर चालणारं, झटका देऊन सोडणारं सौर कुंपण वेगळं. ते चालतं.

चाळीसगावकडे २०१७ साली माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घातली, ते कसं, असंही तुम्ही विचारलंय. तीही वनविभागाच्या आदेशाने. गावकऱ्यांनी नव्हे.

"आजोबांची .३१५ रायफल आहे, इशापूरची. जुनी, जड. नळी कापून हलकी करून घेता येईल का?" (पारोळा)

कापू नका. शस्त्र कायद्याचं कलम ६ नळी आखूड करायला परवान्याशिवाय मनाई करतं, आणि तुरुंगाची गोष्ट आहे. आजोबा नसतील तर आधी बंदूक कोणाच्या नावावर आहे ते बघा. वारस म्हणून तुम्हाला अर्ज करता येतो, पण तोवर ती घरातल्या कपाटात राहता कामा नये, जमा करावी लागते.

बंदूक मात्र मोलाची. ली-एनफिल्ड या इंग्रजी लष्करी रायफलीचा सांगाडा आणि काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ एमएम मॅनलिकरचं. इंग्रजांना .३०३ काडतूस लष्करी म्हणून लोकांच्या हाती द्यायचं नव्हतं, त्यातून हा मेळ निघाला. गोळी जड, चाल संथ. तेलपाणी करून ठेवा. ती डोंगरासाठी कधी नव्हतीच.

"सातपुड्यात ट्रेकला जाताना संरक्षणासाठी परवान्याची बंदूक नेली तर?" (चोपडा)

यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, परवाना असो वा नसो. वन्यजीव कायद्याचं कलम ३१. काठी न्या, टॉर्च न्या, अस्वलाच्या वाटेवर बोलत चाला.

"मुलगी ह्यूस्टनला राहते, रायफल तिथेच झीरो केली. आता वायोमिंगला उंचावर शिकारीला जाणार आहे. तिथे विरळ हवेत नेम बदलेल का?" (नंदुरबार)

बदलेल, पण काळजी करण्याएवढा नाही. हवा विरळ म्हणून गोळी कमी अडते आणि थोडी वर लागते. .३०८ सारख्या काडतुसाला तीनशे मीटरवर फरक चार-पाच सेंटिमीटरचा. तीव्र उतारावर खाली किंवा वर मारताना मात्र लक्षात ठेवायला सांगा : अंतर उताराचं धरायचं नाही, आडवं धरायचं. चाळीस अंशांच्या उतारावर तीनशे मीटर दिसलं तर धरायचं सव्वादोनशेच्या आसपास. पहिल्यांदा जाणारे इथे वरून गोळी घालवतात.

झीरो हलायचं खरं कारण विमानतळावर असतं. रायफल रिकामी करून, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानात टाकावी लागते. ती पेटी पट्ट्यावर कशी आपटते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कॅम्पवर पोचल्यावर आधी दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू बघावेत, मग शंभर मीटरवर कागद लावून तीन गोळ्या, एकेक करून, नळी गार होऊ देत. एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे असेल तर हात लावू नये. त्याहून जास्त असेल तर दुर्बीण फिरवून पुन्हा तीन. काडतुसं घरी झीरो केलेल्याच डब्यातली न्यावीत. तिथे दुकानात मिळतील म्हणून दुसऱ्या वजनाची घेतली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.