लहानपणी वाचलेले, पण नाव न आठवणारे पुस्तक आता सापडू शकते का?

1986-87 च्या सुमारास वडिलांनी धुळ्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनातून आणलेले पुस्तक तुम्हाला पुन्हा वाचायचे आहे. त्यात बोलणारा घोडा होता, कागद जाड होता, चित्रे रंगीत होती, एवढेच तुम्हाला आणि तुमच्या थोरल्या भावाला आठवते. नाव, लेखक, प्रकाशक यांचा पत्ता नाही. असे पुस्तक सापडू शकते. मात्र शोधाची सुरुवात घोड्यापासून करू नका. असे म्हणण्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे, कारण मी वीसएक वर्षे भलत्याच गोष्टीच्या मागे होतो.

माझे आजोळ अमळनेर तालुक्यातले. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसे, त्यामुळे जेवणे उरकली की मामांच्या लाकडी पेटीवर आम्हा भाचरांची धाड पडे. त्या पेटीत एक जाडजूड पुस्तक होते. त्याला मुखपृष्ठ नव्हते. पाठीला खाकी कापड, दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि उघडले की लेईचा आंबूस वास. हरवलेले वासरू शोधण्यासाठी एक मुलगा रात्री हातात टॉर्च घेऊन नदीच्या काठाकाठाने चालत जातो, अशी त्यातली कथा माझ्या मनात घट्ट बसली होती. पुढे नोकरी लागल्यावर मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांपासून जळगावच्या रद्दीवाल्यांपर्यंत सगळ्यांकडे टॉर्चवाल्या मुलाच्या कादंबरीची चौकशी केली. एका वाचनालयात तर बालविभागाची जुनी पुस्तके जीर्ण म्हणून नोंदीतून कमी करून रद्दीत घातल्याचे कळले, आणि आपले पुस्तक त्यातच गेले असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शेवटी कोडे सुटले ते तालुक्याच्या एका ग्रंथपालांमुळे. त्यांनी कथानक ऐकून घेतले खरे, पण त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. पुस्तक कोणाच्या घरी होते, त्या घरात ते कुठून आले आणि बांधणी कशी होती, एवढेच त्यांनी विचारले. खाकी कापड आणि लेई म्हटल्याबरोबर ते म्हणाले, “अहो, ते पुस्तकच नव्हे. मासिकाचे अंक घरी बांधलेले असणार.” मामा तोवर निवर्तले होते. मामींना फोन केला तेव्हा कळले की, धाब्याचे घर पाडून स्लॅब टाकला त्या वर्षी सगळी पुस्तके गावच्या वाचनालयाला देऊन टाकली होती. “आते काय करशी त्यानं?” हा मामींचा प्रश्न रास्तच होता आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ‘भेट, बांधीव अंक, 6’ अशी नोंद निघाली आणि ते सहाही गठ्ठे गणपतीच्या मखराच्या थर्माकोलखाली, लोखंडी कपाटावर पडलेले सापडले.

तिसऱ्या गठ्ठ्यात माझी कादंबरी होती. ती कादंबरी नव्हती. लागोपाठच्या तीन अंकांत आलेली, सगळी मिळून अकरा पानांची गोष्ट होती. मुलगा, नदी, वासरू, सगळे जागच्या जागी होते, पण टॉर्च कुठेच नव्हता. गोष्टीतला मुलगा चांदण्यात चालत होता. टॉर्च होता समोरच्या पानावर, बॅटरीच्या सेलच्या जाहिरातीत, आणि तो एका गुबगुबीत, पायात बूट घातलेल्या शहरी मुलाच्या हातात होता. दोन पाने समोरासमोर उघडी ठेवून मी इतक्या वेळा वाचली असावीत की, या मुलाच्या हातातला टॉर्च त्या मुलाच्या हातात गेला. अख्खा शोध मी ज्या खुणेवर चालवला, ती खूण गोष्टीतली नव्हतीच.

म्हणून माझा आग्रह असा की, पुस्तकात काय होते यापेक्षा पुस्तक तुमच्यापर्यंत कसे आले, याचा माग आधी काढावा. आपल्याकडे गावोगावच्या मुलांचे वाचन पुस्तकांपेक्षा मासिकांवरच अधिक झाले आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असतानाच त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले होते. नंतरच्या पिढ्यांसाठी ‘चांदोबा’ होता आणि 1971 पासून बालभारतीचे ‘किशोर’. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत, ज्यांची आठवण सत्तर-ऐंशीच्या दशकातली आहे, त्यांनी एखादा रविवार तिथे जरूर घालवावा. आजी-आजोबांच्या काळातले पुस्तक शोधणाऱ्यांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. तिच्या दोन खंडांत 1800 ते 1950 या दीडशे वर्षांतल्या पुस्तकांच्या नोंदी असून, एका माणसाने एवढे काम कसे केले असेल, याचे मला आजही नवल वाटते. त्यानंतरच्या पुस्तकांबाबत 1954 चा कायदा उपयोगी पडतो. त्यानुसार भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसह आणखी काही ग्रंथालयांना पाठवायची असते. सगळेच प्रकाशक हा नियम पाळतात असे मात्र नाही.

तुमच्या पुस्तकाला हा कायदा बहुधा लागू होणार नाही, कारण ते भारतात छापलेले नसावे, असा माझा तर्क आहे. 1986-87 हे साल, प्रदर्शनातली खरेदी, जाड कागद, रंगीत चित्रे आणि बोलणारा घोडा हे सगळे एकत्र आले की मला मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके आठवतात. प्रगती आणि रादुगा ही तिथली प्रकाशने रशियन लोककथा आणि बालकथा मराठीत भाषांतरित करून छापत, इकडे मुंबईचे लोकवाङ्मय गृह त्या विकत असे, आणि किंमत इतकी कमी असे की, एरवी पुस्तकावर पैसा खर्च न करणारे वडीलसुद्धा दोन-तीन घेऊन येत. 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा ओघ आटला. त्यामुळे दुकानात ते पुस्तक विचारून फारसा उपयोग नाही. त्याऐवजी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आणि इंटरनेट अर्काइव्ह ही दोन ठिकाणे धुंडाळा. कोणी कोणी जपून ठेवलेल्या प्रती स्कॅन करून तिथे चढवलेल्या आहेत. मराठीत न मिळाल्यास हिंदी आवृत्ती पाहा, कारण चित्रे अनेकदा तीच असतात आणि तुमची ओळख पटणार आहे ती चित्रांवरूनच.

सापडल्यावर निराशा होईल का, असेही तुम्ही विचारले आहे. माझी थोडी झाली. मुलगा वासराला खांद्यावर घेऊन पहाटे घरी येतो, असा शेवट मला पक्का आठवत होता. छापलेल्या गोष्टीत वासरू आपण होऊन गोठ्यात परत येते आणि मुलाला रात्रभर वणवण केल्याबद्दल आईची बोलणी खावी लागतात. पहिल्या वाचनात हा शेवट मला फसवणूक वाटला. त्याच बाकावर बसून दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हसू आले. बांधीव अंक घरी देत नसल्यामुळे परवानगी घेऊन अकराही पानांची छायाचित्रे मोबाईलवर काढली, बारावे जाहिरातीचे.

त्या संध्याकाळी मामेबहिणीला फोन केला आणि मुद्दाम काही न सांगता, त्या मुलाच्या हातात काय होते ते विचारले. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, “टॉर्च.” आम्ही दोघे एकाच पेटीवर, एकच पान उघडून वाचत होतो, तेव्हा चूकही दोघांची एकच. तेव्हा घोडा खरोखर बोलत होता की नाही, याची खातरजमा थोरल्या भावाकडून करून घेऊ नका. वडिलांना मात्र प्रदर्शन कुठे भरले होते आणि त्या दिवशी आणखी कोणती पुस्तके आणली होती, एवढे विचारून इथे लिहा.