मामांच्या ऑर्केस्ट्रातलं रोलँड आरई-201 (टेपवर आवाज घेऊन एको देणारं मशीन) मिळालं. मूळ आवाज साफ येतो, रिव्हर्ब (घुमारा) पण वाजतो, पण एको दबका, लहरणारा, मागचा आवाज पुसत नाही. नागपुरात दुरुस्त होईल का?

होईल भाऊ. पण लगेच मेकॅनिककडे नेऊ नका, आधी घरी जेवढं होतं तेवढं करून घ्या.

तुम्ही लिहिलंय की मूळ आवाज साफ आहे आणि रिव्हर्ब पण वाजून राहिला, म्हणजे पॉवर सप्लाय आणि प्रीअ‍ॅम्प बहुतेक धडधाकट आहेत. बिघाड टेपच्या रस्त्यात आहे नाहीतर बायसमध्ये, म्हणजे रेकॉर्ड नीट व्हावं म्हणून टेपला आवाजासोबत दिल्या जाणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी सिग्नलमध्ये. आता नेहमीचा मेकॅनिक काय करतो तर मागचं झाकण काढतो, दिसेल तो कपॅसिटर बदलतो आणि बोर्डावरचे छोटे प्रीसेट (स्क्रूसारखे फिरवायचे कंट्रोल) फिरवून बघतो. ते प्रीसेट बायस आणि लेव्हलचे असतात, एकदा फिरले की मूळ जागी आणायला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून नेलं तरी आधीच बजावून सांगा, प्रीसेटला हात लावायचा नाही.

सगळ्यात आधी मागची प्लेट वाचा. हे मशीन 1974 पासूनचं, वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या व्होल्टेजचं बनायचं, जपानी असेल तर 100 व्होल्टवर चालतं. आतापर्यंत घरातल्या 230 वर लावून जळलं नाही म्हणजे तुमचं बहुतेक 220-240 वालं असेल, पण मामांकडे सोबत एखादा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर होता का हे विचाराच.

मग प्लग काढून वरचं झाकण उघडा. आत चपट्या पेटीत पाव इंची टेपचा लूप मोकळा पडलेला दिसेल, रीळ-बिळ काही नाही. तो लूप इतक्या वर्षांचा असेल तर बदलायचाच, त्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही. नवीन लूप ऑनलाइन मिळतात. कॅसेटची पट्टी चालत नाही, ती अरुंद असते. स्पूलच्या टेपचा स्वतः बनवणार असाल तर तिरपा काप द्या, जोडाला स्प्लायसिंग टेपच वापरा, साधी सेलोटेप नको, तिचा गोंद आपल्या उन्हाळ्यात पाझरतो आणि थेट हेडवर, म्हणजे टेपला टेकून आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, बसतो. ब्लेड चुंबकलेलं असलं तर जोड जाताना दर वेळी टक् वाजतं.

आता हेड. आधी इरेज (जुनं पुसणारं), मग रेकॉर्ड, मग तीन प्लेबॅक (वाजवणारी), असा टेपचा प्रवास असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडीचा कापूस घ्या, तपकिरी मळ निघायचा थांबेपर्यंत पुसा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. टेप ओढणारा कॅपस्टनचा फिरता दांडाही असाच पुसा. त्याला टेकणारा रबरी रोलर मात्र साबणाच्या हलक्या पाण्याने, अल्कोहोलने रबर कडक होतं. तुमच्या एकोच्या लहरण्याचा पहिला संशय याच रोलरवर घ्या: चकचकीत, कडक झाला असेल तर टेप घसरते आणि चिकट झाला असेल तर ओढते. दोन्हीत रोलर बदला किंवा त्यावर नवीन रबर चढवून घ्या.

साफसफाईनंतर सिलेक्टर 1, 2, 3 वर एकेक फिरवून ऐका, तिथे एका वेळी एकच प्लेबॅक हेड वाजतं. एकच दबकं असेल तर ते हेड किंवा स्विच. तिन्ही सारखेच दबके असतील तर रेकॉर्डच नीट होत नाहीये, आणि इथे तुमची "मागचा आवाज पुसत नाही" ही तक्रार कामाची आहे, कारण पुसायचं काम आणि रेकॉर्डचं बायस दोन्हीला एकाच ऑसिलेटरकडून (सिग्नल तयार करणाऱ्या सर्किटकडून) हाय फ्रिक्वेन्सी मिळते. तो अशक्त झाला की पुसलं पण जात नाही आणि रेकॉर्ड पण फाटकं होतं. हेड लख्ख करूनही दोन्ही तक्रारी राहिल्या तर मेकॅनिकला थेट सांगा, बायस ऑसिलेटर बघा म्हणून. तुमचा वेळ वाचेल आणि त्याचाही. फक्त इंटेन्सिटीची घुंडी आधी कमी करून बघा हं, ती वर असली की एकोचा एको येत राहतो आणि लोकांना वाटतं पुसतच नाही 😄

नागपूरवाल्यांसाठी वेगळं एक. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की मोकळी टेप स्टॅटिकने झाकणाला चिकटते आणि अडकत-अडकत चालते. झाकणाला आतून किंचित ओलं फडकं फिरवून वाळू द्या. हवा कोरडी आहे म्हणून मशीन कूलरसमोर मात्र ठेवू नका, तो दमटपणा आतल्या लोखंडाला आणि स्विचच्या पात्यांना खातो.

माणूस शोधायचा तर बर्डी-इतवारीच्या बाजारात मोबाइलवाल्यांना विचारू नका, म्हातारा टेपरेकॉर्डर मेकॅनिक विचारा. आकाशवाणीतून रिटायर झालेलं कोणी ओळखीत असेल तर सोन्याहून पिवळं, त्यांचा जन्म पाव इंची टेपची हेडं लावण्यात गेला.

प्लेटचा आणि रोलरचा फोटो टाका, बघून सांगतो रोलर वाचतो का ते.