वाचकांचे प्रश्न : खोका बाहेरून मोजला, सूर आतून बिघडला

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या डिकीसाठी १२ इंची सबवूफरचा (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा) पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी (पोर्ट) ठेवलेला, खोका सुताराकडून १८ मिमी एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीत) करून घेतला. लांबी ६० सेंमी, उंची ४० आणि खोली ३५, म्हणजे ८४ लिटर. पोर्टसाठी ११० मिमीचा, आतून साधारण १० सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप २० सेंमी लांब कापून पुढच्या फळीत बसवला. हिशेबाप्रमाणे ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या सुरावर बोलतो तो सूर, ३२ हर्ट्झ यायला हवे होते. प्रत्यक्षात प्रत्येक गाण्यात बासचा एकच ठोका घुमतो, त्याखालचे सूर येत नाहीत आणि शंकू (स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा) मात्र वेड्यासारखा हलतो. अ‍ॅम्पचा सबसोनिक फिल्टर (ठरावीक सुराखालचे आवाज अडवणारी सोय) २५ हर्ट्झवर आहे. सबवूफर सदोष असेल का? (सांगलीचे एक वाचक)

उत्तर : सबवूफरला दोष देण्याआधी टेप घेऊन खोका पुन्हा मोजावा, कारण ८४ लिटर हे आपल्या खोक्याचे बाहेरचे माप आहे आणि हवा बाहेर नव्हे, आत असते. प्रत्येक मापातून दोन फळ्यांची जाडी, म्हणजे ३.६ सेंमी वजा केल्यास आतील मापे ५६.४, ३६.४ आणि ३१.४ सेंमी भरतात आणि घनफळ साडेचौसष्ट लिटरवर येते. सुमारे वीस लिटर नुसत्या लाकडाने खाल्ले. त्यातून सबवूफरच्या चुंबकाचे व सांगाड्याचे तीनेक लिटर, पाइपचे जवळजवळ दोन आणि आतल्या आडव्या पट्ट्यांचे दीड लिटर वजा केले, की हाती उरतात ५८ लिटर. सुताराची यात चूक नाही. त्याला कपाटाची मापे बाहेरूनच द्यायची सवय असते.

आता पोर्टचे पाहू. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठरावीक सुरात वाजते आणि बाटलीत पाणी ओतत गेलो की तो सूर चढत जातो. पोर्टेड खोका हीच बाटली आहे; पाइपमधली हवा वजनाचे आणि खोक्यातली हवा स्प्रिंगचे काम करते. आपल्या खोक्यात जणू २६ लिटर ‘पाणी’ भरले गेले, म्हणून तोच १० सेंमी व्यासाचा, २० सेंमी लांबीचा पाइप ३२ऐवजी सुमारे साडेअडतीस हर्ट्झवर बोलू लागला. आपल्याला घुमणारा ठोका ऐकू येतो तो बहुधा याच परिसरातला.

ट्यूनिंगच्या खाली काय होते, हे अधिक महत्त्वाचे. तिथे शंकूची हवा आणि पोर्टची हवा एकमेकींच्या विरुद्ध वागतात. शंकू पुढे सरकतो तेव्हा पोर्ट हवा आत ओढतो, त्यामुळे आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो आणि शंकूला खोक्यातील हवेचा आधार उरत नाही. बंद खोक्यात हा आधार कायम असतो आणि घसरणही निम्मीच, १२ डेसिबलची असते. आपला फिल्टर २५ हर्ट्झवर असल्याने २५ ते ३८ हर्ट्झचा सगळा पट्टा शंकूवर मोकाट सुटला आहे. दुरुस्ती होईपर्यंत तो फिल्टर ३५ हर्ट्झच्या आसपास आणून ठेवावा, नाहीतर शंकू हलवणारी तारेची गुंडाळी (कॉइल) खरोखरच जायची.

खात्री करून घ्यायची असेल, तर फोनवरून ५० हर्ट्झपासून खाली एकेक हर्ट्झने शुद्ध सूर हळू आवाजात वाजवावा आणि नजर शंकूवर ठेवावी. ज्या ठिकाणी शंकू जवळजवळ थांबतो, पण पोर्टसमोर धरलेल्या तळव्याला वारा सर्वाधिक लागतो, तेच आपले खरे ट्यूनिंग. हा प्रयोग करताना सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवावी. धूर एखाद्या जागी थरथरला, तर तिथून हवा गळते आहे असे समजावे आणि आतून सिलिकॉन भरावे.

खोका मोडण्याची गरज नाही. लांब पाइप आतली आणखी लिटरभर जागा घेईल हे धरून हिशेब केला, तर ३२ हर्ट्झसाठी सुमारे ३३ सेंमी लांबीचा पाइप लागेल. मात्र पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत आत ३१.४ सेंमीच आहेत, त्यामुळे सरळ पाइप मागे जाऊन टेकेल, आणि पाइपच्या आतल्या तोंडासमोर निदान त्याच्या व्यासाइतकी मोकळी जागा हवीच. नळकामाचा एल्बो लावून पाइप लांबीच्या दिशेने वळवावा आणि ३३ सेंमी वळणाच्या मध्यरेषेवरून मोजावेत. पाइप आधी दोन सेंमी जास्तच ठेवावा व वरचा प्रयोग करत कापत जावा. कापलेला पाइप वाढवता येत नाही.

प्रश्न : आवाज वाढवला की पोर्टमधून फसफस ऐकू येते. दुसरा पाइप बसवू का? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : नुसता बसवू नये. पोर्टचे क्षेत्रफळ दुप्पट केले की ट्यूनिंग वर जाते आणि ते जागेवर ठेवायचे, तर दोन्ही पाइप दुपटीहून थोडे अधिक लांब करावे लागतात. वरच्या सांगलीच्या खोक्यात ते प्रत्येकी पाऊण मीटरच्या घरात जातील. आधी पाइपच्या दोन्ही तोंडांची तीक्ष्ण कड घासून गोलसर करावी. जमल्यास कर्ण्यासारखी रुंद होत जाणारी तोंडे लावावीत. तेवढ्याने भागले नाही, तर नव्या खोक्यात एका भिंतीलगत फळी टाकून तिच्यामागे चौकोनी, वळणारा पोर्ट काढणे सोयीचे पडते, पण त्या फळीची आणि पोर्टमधील हवेची जागा एकूण घनफळातून वजा करायला विसरू नये.

प्रश्न : कोकणातल्या पावसात एमडीएफ टिकेल का? (रत्नागिरीचे एक वाचक)

उत्तर : उघड्या कडांनी पाणी प्यायल्यावर एमडीएफ फुगतो आणि स्क्रू सैल होतात. आपण १८ मिमीचे मरीन प्लाय (ओलाव्यात टिकणारे प्लायवूड) घ्यावे; महाग पडते, पण हलकेही असते. एमडीएफच वापरायचा असेल, तर सर्व कडांना, विशेषतः सबवूफरसाठी कापलेल्या भोकाच्या कडेला, सीलरचे दोन हात द्यावेत आणि मगच कारपेट चिकटवावे.