संघ काम करतो, पण पालकांना पत्ताच नाही : काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा : शाळेचा पालक-शिक्षक संघ वर्षभर राबतो, तरी सभेला मोजकीच डोकी, आणि 'संघ करतो काय?' हा सवाल दरवर्षी ठरलेला.

बहुतेक संघ आपण काय केलं ते सांगतात. पालकाला हवं असतं आपल्या मुलासाठी काय बदललं ते. 'कार्यकारी समितीच्या बैठकीत पिण्याच्या पाण्याच्या सुविधेबाबत सकारात्मक चर्चा झाली' हे वाक्य कुणी वाचत नाही. त्याऐवजी असं लिहा : 'दुसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा फिल्टर बदलला. मुलांनी मोठी बाटली आणायची गरज नाही. नळ बंद दिसला तर वर्गशिक्षकांना सांगा. – पालक-शिक्षक संघ.' काय झालं, मुलाला काय फायदा, पालकाने काय करायचं, बस्स. दोन विषय असतील तर दोन निरोप, तेही वेगवेगळ्या दिवशी.

व्हॉट्सॲपवर सूचनांचा गट वेगळा ठेवा आणि त्यात फक्त ॲडमिनना लिहू द्या. एकदा 'गुड मॉर्निंग' आणि 'उद्या पीटीचा ड्रेस का?' सुरू झालं की लोक गट म्यूट करतात, मग कामाचा निरोपही बुडतो. ब्रॉडकास्ट यादीच्या भरवशावर राहू नका : एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही. पाठवणाऱ्याला ते कळतही नाही, म्हणून दोष पालकांवर जातो. पत्रकाचा फोटो किंवा पीडीएफ टाकण्यापेक्षा मजकूर टाइप करा. मेमरी भरलेल्या फोनवर फाइल उघडत नाही, आणि टाइप केलेलं नंतर शोधताही येतं. खाली तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज जोडा, मराठीत आणि हिंदीत. मुंबईत एका वर्गात चार मातृभाषा सहज असतात, आणि मराठी समजणाऱ्या सगळ्यांना ते वाचता येतंच असं नाही.

कागद मात्र सोडू नका. ए-फोर कागदावर दोन चिठ्ठ्या बसवा, अक्षर १४ पॉइंटचं. प्रत्येक मुलाला न देता कुटुंबातल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या डायरीत चिकटवा : झेरॉक्स वाचते, शिवाय धाकट्याची डायरी घरी रोज उघडली जाते. आठवी-नववीच्या दप्तरात गेलेली चिठ्ठी परीक्षेनंतर सापडते. जून-जुलैत सुटी चिठ्ठी दप्तरात भिजून लगदा होते, म्हणून चिकटवणंच बरं.

गेटवर उभं राहून सांगणं पहिली ते चौथीपुरतं चालतं, कारण तिथे घ्यायला कुणीतरी येतं. पण येणारे बऱ्याचदा आजी-आजोबा, नाहीतर व्हॅनवाले काका. त्यांच्या हाती चिठ्ठीच द्या, तोंडी निरोप वाटेत बदलतो. दोन सत्रांची शाळा असेल तर दोन्ही वेळा माणूस हवा. दुपारचं सत्र हमखास विसरलं जातं.

सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवून 'पालकांना रसच नाही' म्हणू नये. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याने त्यासाठी रजा टाकायची का? जमेल तिथे सभा ओपन डेला जोडा. निकाल बघायला लोक येतातच आणि वर्गाबाहेर रांगेत उभे असतात, म्हणून तुमचा फलक त्या रांगेसमोर लावा. टेबल बाहेर पडायच्या दाराशी ठेवा. आत शिरताना प्रत्येकाला बाईंना भेटायची घाई असते.

वर्गप्रतिनिधींचं गणित समजून घ्या. शुल्क विनियमन कायद्यानुसार (२०११) खासगी शाळांत कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेचा एकच पालक असतो. चार तुकड्या असतील तर दीडदोनशे घरांमागे एक माणूस. तो सगळ्यांना ओळखणार कसा? म्हणून प्रत्येक तुकडीत एक मदतनीस पालक नेमा. समितीत नसला तरी चालेल. (पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिथे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण निरोप पोचायची अडचण तीच.)

सगळ्यात जास्त कुजबुज पैशांवरून होते. दर तीन महिन्यांनी अर्ध्या पानाचा हिशेब फलकावर आणि गटावर टाका : जमा, खर्च, शिल्लक. 'किरकोळ' या सदरात मोठी रक्कम दिसली की बाकीचं पान कुणी वाचत नाही, तेव्हा ते फोडून लिहा. वर्गणीसाठी कुणाच्या वैयक्तिक नंबरचा क्यूआर कोड देऊ नका. हेतू स्वच्छ असला तरी पैसे भरताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं की शंका येणारच. कोड संघाच्या खात्याचाच हवा.

कार्यक्रमाचे फोटो टाकताना मुलांची नावं-तुकडी लिहू नका, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घ्या. गटाचा एक ॲडमिन शाळेच्या फोनवर ठेवा, नाहीतर दहावीच्या पालकांबरोबर ॲडमिनही निघून जातो आणि जूनमध्ये पुन्हा नंबर गोळा करत बसावं लागतं.