‘असलंच पाहिजे’मधला ‘च’

“तसं सगळं व्यवस्थित आहे, पण जगण्याला काही अर्थ वाटत नाही. ध्येय कसं शोधायचं?” आठवड्यातून एक-दोघं तरी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. पंचविशीतले येतात, साठीला टेकलेलेही येतात. त्यातल्या एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. नाव आणि काही तपशील बदललेत.

शरदराव, वय ५६. चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये (हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या विभागात) तीस वर्षं काढून दीड वर्षापूर्वी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. पुण्यात सहकारनगरात स्वतःचा फ्लॅट, मुलगी नोकरीला लागलेली, डोक्यावर कर्ज नाही. आधी आल्या त्या त्यांच्या पत्नी. “हे दिवसभर घरी असतात मॅडम. फ्रिजमधले डबे उंचीनुसार लावतात. परवा मावशींना फरशी कशी पुसायची ते शिकवत होते.” मावशींनी काम सोडते म्हटल्यावर शरदराव स्वतः आले.

सोबत दोनशे पानी वही. पहिल्या पानावर पट्टीने रेघ मारून लिहिलेलं, ‘माझ्या जीवनाचं ध्येय’. खाली एक ते दहा आकडे. १) नर्मदा परिक्रमा. २) गरीब मुलांना शिकवणे. तिसरं खोडलेलं. पुढचे सात रिकामे.

“रोज सकाळी तळजाई टेकडीवरून आलो की ही उघडून बसतो. सगळे व्हिडिओवाले सांगतात, आधी ध्येय ठरवा, मग कामाला लागा. इथे ठरतच नाही.”

झोप, भूक, मरणाचे विचार, हे मी आधी विचारून घेतलं. दोन आठवड्यांच्या वर मन सतत उदास असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं; तिथे ध्येयाच्या गप्पा मारत न बसता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. शरदरावांचं तसं नव्हतं.

वही कपाटात ठेवायला सांगितली. त्याऐवजी आठवडाभर तासातासाची नोंद: काय केलं आणि किती बरं वाटलं, दहापैकी गुण. तक्ता म्हटल्यावर गडी खूश. पुढच्या वेळी पाहिलं तर दोन, तीन, दोन, चार. आणि बुधवारी अकरा ते एक, चक्क आठ.

“हे काय?”

“ते काही विशेष नाही. शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनचा धागा सारखा तुटत होता.”

काही विशेष नसलेल्या गोष्टीवर ते वीस मिनिटं बोलले. मेकॅनिकने दोनदा सुई बदलून पैसे घेतले होते. यांनी शटल, म्हणजे खालचा धागा धरणारा भाग काढला, त्यावर बारीक ओरखडा होता. “डोळ्याला दिसत नाही मॅडम, नखाला लागतो.” असं म्हणत त्यांनी अंगठ्याचं नख माझ्या टेबलाच्या कडेवरून हळूच फिरवलं. “झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. तेल दिलं. संपलं.” त्यांना मी पहिल्यांदाच असं बघत होते.

इथे मी घाई केली. एका संस्थेतल्या मुलांना शिकवा असं सुचवलं. वहीतला क्रमांक दोन होताच. तिथे त्यांना शाल, श्रीफळ आणि ‘यशाचं रहस्य’ या विषयावर चाळीस मिनिटं माइक मिळाला. मशीनला हात लागलाच नाही. ते दोन सेशन आले नाहीत. चूक माझीही होती. त्या आठ गुणांना लगेच मोठं करून दाखवायची हौस मलाही आवरली नव्हती.

परत आले तेव्हा आम्ही ‘च’वर काम केलं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आपल्याकडे ती डॉ. कि. मो. फडक्यांनी रुजवली. माणूस इच्छेची सक्ती करतो आणि त्या सक्तीने स्वतःला छळतो, असं ती सांगते. मराठीत त्या सक्तीला एक अक्षर पुरतं. शरदरावांना वाक्य लिहायला लावलं: ‘माझ्या आयुष्याला मोठं ध्येय असलंच पाहिजे, नाहीतर मी फुकट.’ मग त्यातला ‘च’ खोडून सक्तीच्या जागी नुसती इच्छा लिहायला सांगितली. ‘मोठं ध्येय असलं तर आवडेल.’ ते बराच वेळ वाक्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “आता हे ‘नाहीतर मी फुकट’ लोंबकळतंय. त्याला आधारच राहिला नाही.” टूलरूमचा माणूस!

व्हिएन्नाच्या व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव या विषयात सारखं घेतलं जातं. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या डॉक्टरांनी अर्थाच्या तीन वाटा सांगितल्या: काही घडवणं, कुणावर प्रेम करणं किंवा काही मनापासून अनुभवणं, आणि टळणार नाही त्या दुःखाला आपण कसं सामोरं जातो ते. ध्येय भव्य हवं, ही अट त्यांत कुठेही नाही. ती आपल्या सत्कारसमारंभांनी घातली असावी.

मग मी प्रश्न बदलला. ‘माझं ध्येय काय’ हे सोडून ‘माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय’. हे शेजारच्या काकूंनाच ठाऊक होतं. जनता वसाहतीत त्यांच्या ओळखीचा एक शिवणवर्ग होता, त्यातली सहापैकी चार मशीन बंद. शरदराव आता मंगळवार-शुक्रवार तिथे जातात. दोन मुलींना शटल उघडायला शिकवलंय. अजूनही एखाद्या दिवसाला दोनच गुण पडतात, विशेषतः रविवारी, आणि मुलीचं लग्न या विषयावर ते पूर्वीइतकेच हट्टी आहेत.

मागच्या आठवड्यात शरदरावांच्या पत्नीचा फोन आला. “मॅडम, जेवणाच्या टेबलावर तीन मशीन आहेत. घरभर तेलाचा वास. आम्ही जेवायचं कुठे?”

पुढचं सेशन दोघांचं ठरलंय.