मॉडेल रेल्वेच्या जपानी थीमच्या एन स्केल लेआउटवर भातशेतीच्या पाण्यासाठी रेझिन किती लागेल? चेरीची झाडं किती लावू?

रेझिन अजिबात नको. चेरीही नको, निदान तुम्ही सांगितलेल्या शेतांच्या शेजारी तरी नको.

तुमचा बोर्ड ६० बाय ९० सेंमीचा, काटो या जपानी कंपनीच्या मॉडेल रुळांचा एक लंबगोल, आत नुकतीच लावणी झालेली खाचरं, कडेला फुललेली चेरी, एक लाल तोरिई (जपानी देवळाची कमान), आणि खाचरांत ५ मिमी रेझिन ओतायचा बेत. हाच बेत एका लेआउटवर माझ्या विरोधाला न जुमानता झालेला मी पाहिला आहे आणि नंतर निस्तरलाही आहे. बांधाखालच्या फटीतून रेझिन रात्रभर झिरपत राहिलं. काठाला ते केशाकर्षणाने वर चढलं आणि बांधावरचं गवत तेलात बुडवल्यासारखं काळं, चिकट झालं. सकाळी चारही खाचरांची पातळी वेगळी. शेवटी सुरीने तो सगळा भाग कापून काढावा लागला. पण रेझिन गळलं नसतं तरी ते चूकच होतं.

हिशोब करून बघा. जपानी एन स्केल म्हणजे १:१५०. ५ मिमी गुणिले १५० म्हणजे ७५ सेंमी पाणी. लावणीचं रोप असतं १२ ते १५ सेंमीचं, आणि लावणीनंतर खाचरात पाणी ठेवतात ३ ते ५ सेंमी. मॉडेलवर ते ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या घरात येतं, म्हणजे वार्निशच्या तीन हातांइतकं. खाचराचं पाणी ओतायचं नसतं, ब्रशने लावायचं असतं.

आता खाचर कसं करायचं ते नीट लिहितो, कारण लेआउट जपानी वाटणार की नाही हे माझ्या मते इथेच ठरतं.

आधी माप. जुन्या पद्धतीचं एक खाचर २० बाय ५० मीटर धरा, म्हणजे जवळपास आपले दहा गुंठे. मॉडेलवर ते १३३ बाय ३३३ मिमी होतं. (जमिनींच्या एकत्रीकरणानंतरची खाचरं ३० बाय १०० मीटरची. तुमच्या बोर्डावर असं एक ठेवलं तर ६६७ मिमी लांबी त्यातच जाईल, तो नाद सोडा.) काटोची २४९ मिमी त्रिज्येची वळणं आणि दोन्ही बाजूंना २४८ मिमीचा एकेक सरळ तुकडा धरला, तर लंबगोलाच्या आत दहा गुंठ्यांची तीन खाचरं शेजारी शेजारी बसतात. वळणाजवळ जे तिरके तुकडे उरतील त्यांचीही खाचरंच करा. रेल्वेने कापलेली त्रिकोणी शेतं जपानमध्ये पावलोपावली दिसतात.

तळाला ३ मिमी सनबोर्ड. एमडीएफ नको, पाणी पिऊन फुगतं आणि पृष्ठभागावर लाटा येतात. सनबोर्ड एक्सपीएस फोमवर किंवा थर्माकोलवर फेव्हिकॉलने चिकटवू नका. दोन्ही थर पाणी शोषत नाहीत, त्यामुळे मधला फेव्हिकॉल आठवडाभर ओला राहतो. दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा. सॉल्व्हंटवाले गोंद आणि स्प्रे रंग थर्माकोल विरघळवतात, ते या कामात लांबच ठेवा. प्रत्येक खाचर लेव्हल लावून तपासा, आणि शेजारच्या दोन खाचरांत १ ते २ मिमीची पायरी ठेवा. खऱ्यात ती १५ ते ३० सेंमी होते. पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात जातं ते या पायरीमुळेच. सगळी खाचरं एका पातळीत केली की ती फरशी दिसते.

बांधासाठी २ मिमी जाडीच्या कॉर्क शीटच्या ३ मिमी रुंद पट्ट्या कापा. कडा सँडपेपरने गोल करा, वरून फेव्हिकॉल आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली माती यांचा लगदा फिरवा. कोकणातली तांबडी माती वापरू नका, एका नजरेत देश बदलतो. करडी-तपकिरी माती घ्या आणि आधी तिच्यातून चुंबक फिरवा. लोहाचा कण इंजिनाच्या मोटरमध्ये गेला तर मोटर जाते. बांधावर १ मिमी गवत पुरे, कारण तिकडे बांध वारंवार कापून ठेवतात. रानासारखे वाढलेले बांध म्हणजे सोडून दिलेलं शेत.

चिखलाचा रंग म्हणजे बर्न्ट अंबर, त्यात थोडा काळा, थोडा राखाडी. मध्यभागी किंचित फिका ठेवा, बांधाच्या कडेने गडद. तो पूर्ण सुकला की पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक ग्लॉस वार्निशचे तीन पातळ हात रुंद मऊ ब्रशने द्या, दोन हातांमध्ये किमान चार तास. पंखा बंद आणि वर खोकं उपडं, नाहीतर प्रत्येक धूलिकण दिसेल. जाड हात दिला तर वार्निश दुधाळ राहतं, कारण वरची साय धरते आणि आतलं पाणी अडकतं.

रोपं वार्निशनंतर. हा क्रम उलटा केला की वार्निश रोपांच्या देठातून वर चढतं आणि चमकणारे गठ्ठे तयार होतात. हे मी बऱ्याच लेआउटवर पाहिलं आहे.

ओळींबद्दल आपल्याकडचा माणूस हमखास चुकतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर कोकणातली हाताने केलेली लावणी असते. जपानमध्ये लावणी यंत्राने होते. दोन ओळींत ३० सेंमी, दोन चुडांत १५ ते २० सेंमी. म्हणजे मॉडेलवर ओळी २ मिमीवर, आणि त्या दोरी लावल्यासारख्या सरळ. एका खाचरात लांबीच्या दिशेने ६६ ओळी येतात, एकूण २२ मीटर गोंदाची रेघ. हाताने ओढत बसू नका. केसांची फणी घ्या, दहा दातांत २० मिमी भरतात का ते पट्टीवर मोजा. गुळगुळीत फरशीवर फेव्हिकॉल पाणी न घालता पातळ पसरा, त्यात फणी टेकवा आणि पट्टीच्या कडेने ओढा. आठ-दहा सेंमीला पुन्हा गोंद घ्या. पाणी घातलेला फेव्हिकॉल पसरतो आणि दोन ओळी एक होतात.

मग स्टॅटिक ग्रास, म्हणजे विजेच्या भाराने गोंदात उभे राहणारे कृत्रिम गवताचे तंतू. त्यासाठी यंत्राची एक क्लिप ओल्या गोंदाला जोडावी लागते. सनबोर्ड वीज वाहत नाही आणि गोंदाच्या रेघा एकमेकींना जोडलेल्या नाहीत, त्यामुळे क्लिप एका रेघेला लावली तर बाकीच्या ओळींतली रोपं आडवी पडतात. उपाय शेतातच आहे. लावणीचं यंत्र दोन्ही टोकांना वळतं आणि शेवटी त्या टोकांच्या पट्ट्या आडव्या लावून बाहेर पडतं. सहा ओळींचं यंत्र धरलं तर टोकाला १२ मिमीत सहा आडव्या ओळी. त्यांतली सगळ्यात आतली आडवी ओळ आधी काढा आणि उभ्या ओळी तिला टेकवा. सगळं ओलं असताना त्या आडव्या ओळीत टाचणी टोचून क्लिप टाचणीला लावा. एका वेळी चार सेंमी रुंदीची पट्टी, त्याहून जास्त नको, गोंद साय धरतो. तासाभराने व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना मोजा बांधून सुटे तंतू ओढून घ्या, ते परत वापरता येतात. उरलेल्या पाच आडव्या ओळी शेवटी.

तंतूची लांबी म्हणजे तुमचं कॅलेंडर. १ मिमी म्हणजे नुकतीच लावणी, २ मिमी म्हणजे ३० सेंमीचं रोप, ४ मिमी म्हणजे भर उन्हाळ्यातलं हिरवं शेत, ६ मिमी म्हणजे कापणीला आलेलं सोनेरी. १ मिमी दोन फुटांवरून दिसत नाही, म्हणून मी २ मिमी पिवळसर हिरवा वापरतो. एका खाचराच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, रोपांचा एक दाट ठिपका ठेवा. उरलेली रोपं नांग्या भरायला तशीच कोपऱ्यात ठेवतात.

आता चेरी. तोक्योच्या बाजूला सोमेई योशिनो जातीची चेरी मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलते. त्या वेळी बहुतेक खाचरं कोरडी असतात, नांगरलेली किंवा गेल्या वर्षीच्या धसांची. चिखलणी आणि लावणी मुख्यतः मे-जूनमध्ये. म्हणजे लावणी झालेल्या हिरव्या खाचराशेजारी गच्च गुलाबी झाड ठेवलं की दोन महिने एकाच बोर्डावर येतात. रेझिन गळलेल्या त्या लेआउटच्या वेळी मला ऐकवलं गेलं होतं की चेरी आणि तोरिईशिवाय लोकांना जपान ओळखूच येणार नाही. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. रंग हवा असेल तर सप्टेंबरअखेर निवडा. ६ मिमी सोनेरी भात आणि बांधाच्या कडेला हिगानबानाची लाल फुलं, शरद संपाताच्या आसपास फुलतात ती. किंवा चेरीच हवी असेल तर खाचरं कोरडी करा, धसांच्या ओळी ठेवा, रुळाकडेला मोहरीवर्गीय पिवळी फुलं लावा. चिबातल्या इसुमी रेल्वेवर वसंतात असंच दृश्य असतं.

ओळख पटते ती विजेच्या खांबांवरून. शेतरस्त्याच्या कडेने फिके राखाडी काँक्रीटचे खांब, सुमारे ७० मिमी उंच, दर २०० मिमीला एक. तारांना लवचीक धागा वापरा, सुती दोरा नको. शेतरस्ता २० ते २५ मिमी रुंद. त्यावर पांढरा केई ट्रक, म्हणजे जपानमधला छोटा मालट्रक. त्याची कायद्याने कमाल लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर, म्हणजे मॉडेल २३ बाय १० मिमीच्या आतच हवं. रस्ता आणि खाचर यांच्यामध्ये काँक्रीटचा पाट, २ मिमीच्या यू आकाराच्या प्लास्टिक पट्टीचा. रूळ शेताच्या पातळीत ठेवू नका, १० ते १५ मिमी भराव द्या, उतार एकास दीड. खाचरं बोर्डावर आणि रूळ वर, या फरकानेच गाडी पाण्यात उलटी दिसते.

तोरिई ठेवाच, पण राखाडी दगडाची, आणि तिच्यामागे पायवाट, दाट झाडांचा पुंजका व छोटं देऊळ द्या. तोरिई म्हणजे आवाराचं प्रवेशद्वार. मागे काहीच नसेल तर ती निरर्थक उभी राहते. लाल रंग प्रामुख्याने इनारी या धान्यदेवतेच्या देवळांचा, गावातली बरीच साधी देवळं दगडी तोरिईवर भागवतात. रूळ तोरिईच्या अगदी समोरून नेला तरी चालेल, कामाकुरात गोर्यो देवळासमोरून एनोदेन ही छोटी रेल्वे तशीच जाते.

एका टोकाच्या वळणावर टेकडी आणि बोगदा करा, वर सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाची लागवड. तारेच्या दोन पदरांत सुतळीचे तंतू घालून ड्रिलने पीळ द्या, शंकूसारखं कातरा, १०० ते १३० मिमी उंची, गडद हिरवा. २५ बाय १५ सेंमीच्या टेकडीला २० मिमी अंतराने नव्वदेक झाडं लागतात, पण पुढच्या दोन रांगा पूर्ण करा आणि मागे फक्त शेंडे लावा. कडेच्या झाडांना जमिनीपर्यंत फांद्या ठेवा, आतल्यांचे बुंधे उघडे. बोगदा बंद करण्याआधी सगळ्यात लांब डबा हाताने वळणावरून फिरवून बघा. २० मीटरचा डबा मॉडेलवर १३३ मिमीचा होतो आणि त्याची मधली बाजू आतल्या भिंतीला घासते.

अपवाद आहेत, तेही सांगतो. डोंगराळ, थंड भागात उशिरा फुलणारी चेरी आणि पाणी भरलेली रिकामी खाचरं एकत्र दिसतात. तसं करायचं तर रोपं लावू नका, नुसतं आरशासारखं पाणी ठेवा. चिबासारख्या ठिकाणी लावणी एप्रिलमध्येच सुरू होते, पण तोवर सोमेई योशिनोला पालवी आलेली असते. आणि पावसाळ्यात हे काम काढलंत तर तंतूंचे गोळे होतात, वार्निशही पांढुरकं राहतं. तंतू सिलिका जेलच्या पाकिटांसोबत बंद डब्यात ठेवा आणि वार्निशच्या दोन हातांत पूर्ण दिवस जाऊ द्या.

रेझिन आणलंच असेल तर टेकडीखाली सिंचनाचं छोटं तळं करा, तिथे खोली खरी असते. तळ आणि काठ आधी फेव्हिकॉलने दोनदा बंद करा. पॉलिएस्टर रेझिन नको, थर्माकोल खातं. इपॉक्सीचे दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजा, ३ मिमीपेक्षा जाड थर एका वेळी ओतू नका, तापतं आणि पिवळं पडतं. दुसरा थर २४ तासांनी. काठाला जिथे वर चढेल तिथे सुकल्यावर मॅट वार्निश फिरवा, आणि तळ्याकाठचं गवत त्यानंतरच लावा.