पर्सेंटाइलचं नंतर बघू, आधी ती पावती काढा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. घर नाशिकला, मुलीची अकरावी-बारावी लातूरला, इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९६.४ पर्सेंटाइल, आणि गेल्या वर्षी मेव्हण्यांच्या मुलीला ९४ ला पुण्याचं जे कॉलेज मिळालं ते तुमच्या मुलीला मिळणं अवघड आहे असं सगळे सांगतायत. दोघीही ओबीसी, मग हा कुठला न्याय, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर बरंच रामायण झालंय. पण पोस्टच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की "नॉन क्रिमीलेयरची पावती जोडलीये, सर्टिफिकेट येईल आठवड्याभरात". ओबीसीची जागा मिळायला हेच सर्टिफिकेट लागतं, उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं. ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला. तीन वर्षांपूर्वी मी अगदी हेच माझ्या जावेला फोनवर सांगितलं होतं.

तरी आधी तुमचा प्रश्न. सीईटी सेलची, म्हणजे हे प्रवेश करणाऱ्या सरकारी कार्यालयाची, मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडा आणि सीट कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. होम युनिव्हर्सिटी तुम्ही राहता कुठे यावर ठरत नाही, मुलगी बारावी कुठून झाली त्यावर ठरते. नाशिक जिल्हा पुणे विद्यापीठात येतो, लातूर नांदेडच्या. मेव्हण्यांची मुलगी नाशिकमध्येच बारावी झाली असेल तर ती होम युनिव्हर्सिटीवाल्यांच्या ७० टक्के जागांच्या रांगेत होती आणि तुमची बाहेरच्यांच्या ३० टक्के जागांच्या रांगेत आहे. एकाच कॉलेजच्या एकाच ब्रँचला या दोन रांगांचे कटऑफ बऱ्यापैकी वेगळे लागतात. लातूरला पाठवताना हे कुणी सांगत नाही, क्लासवाले तर नाहीच नाही. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी जागा राज्यस्तरीय असतात, तिथे ही भानगड नाही. म्हणजे तुमच्या मुलीच्या जागेवर कुणी हात मारला असं नाहीये, तिची रांगच दोन वर्षांपूर्वी बदलली. हा नियम मला पटतो का? अजिबात नाही, शिकायला बाहेरगावी गेलेल्या पोराला शिक्षाच आहे ती. पण तो लपवलेला नाही, माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, आपण वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि गेल्या वर्षीचे ९४ आणि यंदाचे ९६ एका तराजूत घालूच नका. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नाहीत, आपल्याबरोबर बसलेल्यांत आपण कुठे आहोत तेवढंच ते सांगतं.

आता पावती.

आमच्याकडे नॉन क्रिमीलेयर होतं. दहावीनंतर काढलेलं, मी ते लॅमिनेट करून फाइलमध्ये पहिल्या पानाला लावलं होतं, येता जाता दिसायचं म्हणून निर्धास्त. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ३१ मार्चपर्यंत वैध, आणि तो ३१ मार्च होऊन गेला होता. ॲडमिशनला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. माझी पहिली चूक ही, आणि ती सर्वस्वी माझी, कारण लेकीने एकदा विचारलं होतं "आई, तारीख बघितलीस का" आणि मी तिलाच ओरडले होते की तू अभ्यासाकडे बघ.

कागद तपासणीत ते निघालं. मग पळापळ करून सेतूमधून, म्हणजे दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातून, नवीन अर्ज टाकला, पावती मिळाली, पावती चालली, मेरिटच्या कच्च्या यादीत नावापुढे ओबीसी आलं. आम्ही खूश. मूळ सर्टिफिकेट अमुक तारखेपर्यंत अपलोड करायचं होतं आणि तारखेला अजून बरेच दिवस होते.

त्यानंतर मी त्या कार्यालयात पाच चकरा मारल्या. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, आमचं गाव लहान आहे. पहिल्यांदा सर्व्हर डाऊन. दुसऱ्यांदा साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाईंनी न बघताच "प्रोसेसमध्ये आहे" सांगितलं, चौथ्यांदा जेवणाची सुट्टी, जी पावणेतीनपर्यंत चालली. पाचव्यांदा मी हटूनच बसले तेव्हा त्यांनी पावतीवरचा नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "अहो, हा अर्ज तर आम्ही कधीच परत पाठवलाय, त्रुटी होती, तुम्हाला मेसेज नाही आला?"

नाही आला, कारण सेतूवाल्या पोराने अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाकला होता. पटापट अर्ज भरायचे म्हणून तो सगळ्यांनाच तोच नंबर टाकायचा. त्याच्या फोनवर असे शेकडो मेसेज पडलेले, तो कशाला बघतोय. आणि त्रुटी काय, तर तीनपैकी एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन पुसट होता. दाखला खोटा नाही, कमी नाही, नुसता पुसट. तो मूळ दाखला पाचही चकरांना माझ्या पर्समध्ये होता, दादा. खिडकीपासून हातभर अंतरावर.

तेव्हा मूळ सर्टिफिकेट द्यायची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. पुन्हा अर्ज टाकल्यावर चौथ्या दिवशी सर्टिफिकेट आलं, म्हणजे काम होतं एवढंच. पण अंतिम यादीत लेकीच्या नावापुढे ओपन लागलेलं होतं आणि ते बदलत नाही. मी हातापाया पडून बघितलं, तिथल्या सरांनी चहा पाजला आणि सिस्टीम घेत नाही म्हणाले. त्या वर्षी तिला हव्या त्या कॉलेजात ओबीसी मुलींची जागा तिच्या पर्सेंटाइलपेक्षा सव्वा पॉइंट खाली बंद झाली. ती पीडीएफ मी का उघडली देव जाणे.

आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी, लेकीपेक्षा कमी पर्सेंटाइल, तीही ओबीसी, तिला ते कॉलेज मिळालं. मी तेव्हा काय काय बोलले असेन. ओळखी असतील, पैसे चारले असतील. वर्षभर तिच्या आईशी नीट बोलले नाही. तिच्याकडे कागद वेळेत होता, बाकी काही नाही. म्हणून अन्याय हा शब्द वापरताना मी आता जरा थांबते. परीक्षा सगळ्यांना सारखी असते हे खरं, पण त्यानंतरची कागदांची परीक्षा मात्र ज्याच्या घरात सुट्टी काढून खिडकीवर बसणारं माणूस आहे त्याचीच सुटते. माझी खासगी नोकरी, अर्ध्या दिवसाचा पगार कापून जात होते. रोजावर जाणाऱ्या बाईने काय करायचं? तिच्या मुलीचा ९६ पर्सेंटाइल कुठल्या यादीत हरवतो ते कुणी मोजत नाही. इथे मात्र रोज या कोट्यावाल्याने त्या कोट्यावाल्याला शिव्या घालायच्या. असो, विषय भरकटला.

तुम्ही उद्याच स्वतः आपले सरकारच्या पोर्टलवर अर्जाचा नंबर टाकून स्टेटस बघा, "होईल" या कुणाच्याही शब्दावर जाऊ नका. त्रुटी दिसली तर ज्याने अर्ज भरला त्याच्या शेजारी बसून दुरुस्त करून घ्या आणि स्कॅन झूम करून वाचता येतोय का बघा. मुदतीत काम होत नसेल तर लोकसेवा हक्क कायद्याखाली वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, २०१५ पासून आहे तो कायदा. मला हे सगळं संपल्यावर कळलं. माझ्या मते नुसतं "अपील करू का" असं नम्रपणे विचारलं तरी फाइल हलते, पण हा माझा अंदाज, वाद घालायला जाऊ नका.

ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो त्याबद्दल, इथे प्रत्येकाचं वेगळं शास्त्र आहे. माझं एवढंच की ३०० पर्याय भरता येतात तर हात आखडू नका, पण क्रम मनापासून लावा. आमच्या वेळी तीन राउंड होते. २०२५ ला चार झाले आणि पहिल्या राउंडला पहिला पर्याय, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी मिळाला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की. म्हणजे "बघू लागलं तर" म्हणून एखादं कॉलेज वर टाकलं आणि ते लागलं तर बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राउंडला आणखी चांगलं मिळवणं, विसरा. यंदाचे नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघा, मी काही काउन्सेलर नाही, आणि पैसे घेऊन यादी बनवून देणाऱ्यांकडे तर जाऊच नका, तीच पीडीएफ बघून करतात ते.

उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या जागांचे, कोडही भरा. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो, नुसतं कॉलेज भरलं म्हणजे तो आपोआप भरला जात नाही. कटऑफ वर जातो त्याचा, पण टाकायला काय जातंय. आणि लॉगिनचा पासवर्ड सायबर कॅफेत ठेवून येऊ नका, झालेत तसेही प्रकार.

लेक आता शेवटच्या वर्षाला आहे, दुसऱ्या कॉलेजात, दुसऱ्या ब्रँचला. तिचं बरं चाललंय, ती हे सगळं विसरली. मी अजून कुणाचंही सर्टिफिकेट हातात आलं की आधी तळाची तारीख वाचते, लग्नपत्रिका सुद्धा खालून वर वाचते म्हणून घरात हसतात मला.

पावती आत्ता जवळ आहे का? तिच्यावर किंवा अर्जाच्या प्रिंटवर मोबाईल नंबर असेल. तो तुमचाच आहे का तेवढं बघून इथे सांगा.